चौथ्या टप्प्यातले ब्रेक

तुम्ही शेवटची यादी केलीत, तेव्हा सगळ्यात खाली काय लिहिलंत? आणि ते खालीच का लिहिलंत?

उत्तर लगेच देऊ नका. मला ते द्यायला काही महिने लागले, आणि तेही मी आपणहून दिलं नाही. कमरेपर्यंत प्लास्टर चढवून आमच्या खोलीत पडलेल्या माझ्या चुलत्यांनी ते माझ्याकडून काढून घेतलं.

आम्ही कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत राहत होतो. वडील, म्हणजे आमचे आप्पा, वाशीच्या भाजी मार्केटात टोळीचे मुकादम. गाव सातारच्या डोंगरात. घरात पुस्तकं नव्हती, पण कागद भरपूर होता, कारण आप्पा प्रत्येक सभेतून पत्रकं घेऊन यायचे. हमालीच्या दराची, संपाची, घरांच्या मागणीची पत्रकं. आई ती फळीवर डब्यांखाली अंथरायची. मी अक्षरं जुळवायला शिकले ती डबे बाजूला सरकवून. पुढे कॉलेजात गेल्यावर मी स्वतःच पत्रकं लिहू लागले. वसाहतीला पाणी दिवसाआड येत होतं, तेव्हा माझ्या पत्रकावर बायकांनी मोर्चा नेला आणि पाणी रोज आलं. त्या दिवसापासून मला वाटायला लागलं की नीट क्रमाने लिहिलेली गोष्ट होतेच.

मागण्यांचा क्रम लावायची एक रीत असते. ती कुणी शिकवत नाही, अंगवळणी पडते. पहिली मागणी अशी घ्यायची की वाचताच लोकांनी टाळ्या वाजवाव्यात. दुसरी आणि तिसरी पोटाची. शेवटची मागणी मात्र सोडण्यासाठी असते. समोरचा टेबलावर म्हणतो, एवढं एक मागे घ्या, आणि आपण मोठ्या मनाने ती मागे घेतो. शेवटची मागणी मान्य झाल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्याचं कुणाला दुःख झाल्याचंही पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी दसऱ्याला माझ्या थोरल्या भावाने, दादाने, नवी पिकअप आणली. पांढरी, डिझेलची, मागे उघडा हौदा. हार घालून ती वसाहतीच्या गल्लीत उभी राहिली तेव्हा आई तिच्या बोनेटवर हात ठेवून बराच वेळ उभी होती. मार्केटात माल पोचवायला गाडी जशी होती तशी पुरेशी होती. पण दादाच्या आणि आप्पांच्या मनात मार्केट नव्हतंच. त्यांच्या मनात गाव होतं.

आमचं गाव डोंगराच्या सपाटीवर आहे. डांबरी रस्ता खाली, ओढ्याच्या पलीकडे. मध्ये सात वळणांची कच्ची उतरंड, तीही पावसाने दर वर्षी खरवडलेली. त्या वाटेने घेवडा आणि बटाटा माणसांच्या डोक्यावरून खाली यायचा. आजारी माणूस डोलीतून खाली यायचा. डोली म्हणजे बांबूला बांधलेली घोंगडी, पुढे दोन आणि मागे दोन माणसं. माझी आत्या त्या डोलीत खाली आली आणि डांबरी रस्त्यावर पोचली तोवर तिला दवाखान्याची गरज उरली नव्हती. रस्त्यासाठी अर्ज करून करून गावाचे दोन सरपंच म्हातारे झाले. म्हणून दादा म्हणायचा, "रस्ता गाडीजोगा करत नाहीत ना? मग आपण गाडी रस्त्याजोगी करू."

हे वाक्य मी माझ्या वहीत लिहून ठेवलं होतं. अजूनही ते मला आवडतं, आणि याची मला लाज वाटते.

दादाने आधी काही वर्षं दगडखाणीवर गाडी चालवली होती. काय काय करावं लागेल ते त्याला ठाऊक होतं. मागच्या चाकांचे पाटे, स्प्रिंगच्या त्या पोलादी पट्ट्या, वाढवायचे, म्हणजे ओझं घेऊन खड्ड्यात आपटली तरी गाडी बसणार नाही. मोठ्या खाचांचे टायर घालायचे. पुढे लोखंडी गार्ड आणि ओढायला हूक. इंजिनाखाली जाड पत्रा. इंजिनाला हवा घेणारा पाइप वर काढायचा, म्हणजे ओढ्यात पाणी आत जाणार नाही. आणि एवढं सगळं वाढल्यावर गाडी जड होणार, चाकं मोठी होणार, म्हणून ब्रेकही मोठे करायचे.

गाडी रोज पहाटे मार्केटात लागायची. मोकळा फक्त रविवार. म्हणून काम टप्प्याटप्प्याने, एका रविवारी एक, असं ठरलं. टप्पे लिहायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं.

"वकीलीणबाई, लिहा," दादा म्हणाला. "पण भाषण नको. फक्त कामं."

मी लिहिलं. पुठ्ठ्यावर, लाल शाईने, पत्रकाच्या अक्षरात. पहिला टप्पा, पाटे. दुसरा, टायर. तिसरा, गार्ड, पत्रा आणि पाइप. चौथा, ब्रेक.

ब्रेक चौथे का? कारण पाटे म्हटलं की दादाचे डोळे चमकायचे. टायर म्हटलं की गल्लीतली पोरं ओरडायची. ब्रेक म्हटल्यावर कुणीच काही म्हणायचं नाही. मी विचार करून ते खाली टाकले असं नाही. हात आपसूकच तिकडे गेला.

पावण्याच्या औद्योगिक पट्ट्यात एका मिस्त्रीकाकांचा गाळा होता. ते तिथल्याच गावचे आगरी. जिथे कारखाने उभे आहेत तिथे त्यांची भातशेती होती, आणि बोलता बोलता ते शेडच्या भिंतीकडे हात करून "त्या बांधाला" असं म्हणून जायचे, जणू बांध अजून तिथेच आहे. हवेत कायम कसलातरी गोड रासायनिक वास. पहिल्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा त्यांनी हात पुसून माझा पुठ्ठा घेतला, लांब धरून वाचला आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

"बाय, ह्ये उलटा लिवलाय तुनं. बिरेक आधी."

"काका, बाकी सगळं झाल्यावर ब्रेक. त्याला दोन रविवार जातात ना? दादा सांगत होता, ड्रमच बदलायला लागतात."

"जातान. म्हनूनच आधी. गारी चालत्ये कशी ते कोनी पन सांगल. थांबत्ये कशी, ते मी सांगतंय."

मला तेव्हा थांबता आलं असतं. पण शेडमधली तीन-चार माणसं काम सोडून ऐकायला लागली होती आणि मला ऐकणारी माणसं दिसली की काय होतं ते मला माहीत आहे. मी म्हणाले, "काका, आमच्या गावात आजवर एकही गाडी पोचलेली नाही. जी पोचतच नाही ती थांबवायची कशी, याची चिंता सरकारने करावी. आम्ही आधी पोचतो!"

माणसं हसली. एकाने पाना लोखंडावर आपटून दाद दिली. दादाने माझ्या पाठीवर थाप मारली. मिस्त्रीकाकाही हसले, पण पुठ्ठा परत देताना म्हणाले, "बोलनं गोर हाय तुजं. बिरेकला कान नसतान."

पहिल्या रविवारी प्रत्येक बाजूला दोन-दोन पाटे वाढले. गाडी मागून उचलली गेली, कंबर ताठ केलेल्या माणसासारखी दिसायला लागली. दुसऱ्या रविवारी टायर आले. ते घेऊन दादा गाडी घरी न आणता सरळ दिवाळे गावाच्या खाडीवर घेऊन गेला, चिखलात पारखायला. मी आणि आप्पा बरोबर होतो. ओहोटी होती. दादाने गाडी किनाऱ्याच्या गाळात घातली आणि ती गुरगुरत, चिखल उडवत आरपार निघाली. वाळत घातलेल्या बोंबलांच्या काठ्यांशेजारी एक कोळीण टोपली घेऊन उभी होती. तिच्या लुगड्यावर चार शिंतोडे उडाले.

"काय रं!" ती ओरडली. "गारीला आंगोल घालतंस का मावरं धरतंस?"

"मावशी, गावाला न्यायची आहे. डोंगरात!" दादाने खिडकीतून ओरडून सांगितलं.

"मंग डोंगरान जा ना! आमचे खारीन कशाला मरतंस?"

आप्पा किती तरी दिवसांनी पोट धरून हसले. त्या मावशींकडून आम्ही बोंबील घेतले आणि तिने वर मूठभर जास्त टाकले, "डोंगरान मिलाचे नाय" म्हणून. तो दिवस आमच्या घरातल्या चांगल्या दिवसांपैकी आहे. फक्त नंतर कधीतरी लक्षात आलं की आम्ही गाडी फक्त चालवून पाहिली. चिखलात ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडी आपोआप थांबते. ब्रेक लागले काय अन् न लागले काय, कळायला मार्ग नव्हता.

तिसऱ्या रविवारी गार्ड, पत्रा आणि पाइप झाले. मी पुठ्ठ्यावर तिसरी खूण केली आणि दादाने तो पुठ्ठा केबिनमध्ये काचेखाली लावून टाकला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा म्हणून.

आणि त्याच आठवड्यात गावाहून तात्यांचं कार्ड आलं. तात्या म्हणजे आप्पांचे थोरले भाऊ, शेत तेच बघायचे. घेवडा तयार आहे, येत्या रविवारी गाडी आली तर बरं, नाहीतर शेंग निबर होईल, असं त्यांनी लिहिलं होतं.

येता रविवार चौथ्या टप्प्याचा होता. त्याच्या पुढचाही.

आम्ही त्यावर बोललो. नाही बोललो असं म्हणता येणार नाही. दादा चहा पिता पिता म्हणाला, "ब्रेक आत्ता चांगलेच आहेत ना. नवी गाडी आहे. कंपनीचे ब्रेक आहेत. एक फेरी मारून येऊ, मग बसू निवांत काकांकडे." आप्पांनी माझ्याकडे बघितलं. यादी माझी होती. मी म्हणाले, "हो, ते नंतर करू." टेबलावर शेवटची मागणी सोडताना जसा आवाज निघतो, अगदी तसा माझा आवाज निघाला. मोठ्या मनाचा.

शनिवारी दुपारी निघालो आणि दिवस मावळायच्या आत ओढ्यावर पोचलो. पाणी गुडघाभर होतं. गाडी त्यातून गेली. मग सात वळणं. दगड चाकाखालून निसटत होते, पण नवे टायर धरून राहिले. वरती गाव वाट पाहत उभं होतं. म्हाताऱ्या बायका गाडीला हात लावत होत्या. एकीने चाकावर पाणी ओतलं आणि कुंकू लावलं. तात्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायला ते गाडीला शिव्या देत होते, "केवढं थोबाड केलंय तिचं, बैलं बिचकत्याल की!"

सकाळी भरणी सुरू झाली. इथे आप्पांच्या हाताबद्दल सांगायला हवं.

मार्केटातल्या हमालांना वजन डोळ्यांनी कळतं असं म्हणतात, पण गाडीचं वजन आप्पा बोटांनी घ्यायचे. मागच्या चाकापाशी, पाट्याच्या वर, गाडीच्या सांगाड्याला रबराचा एक गट्टू असतो. माल चढतो तशी गाडी खाली बसते, आणि पाटा आणि गट्टू यांच्यामधली फट कमी होत जाते. त्या फटीत हाताची चार बोटं एकावर एक मावली पाहिजेत. मावली नाहीत की मुकादमाने "बस" म्हणायचं, मग ड्रायव्हर कितीही गयावया करो, एक पोतं चढत नाही. आप्पांच्या टोळीची ही रीत होती आणि तिच्यावर सगळ्या मार्केटाचा भरवसा होता. त्यांनी "बस" म्हटलेली गाडी कधी वाटेत मोडली नव्हती. पोती मोजायची त्यांना गरजच पडायची नाही.

आमचा घेवडा चढला. आप्पा वाकले, हात घातला. "हाय जागा." आमचे बटाटे चढले. "हाय." मग शेजारचे आले, "आमचं बी चार पोती घ्या की." घेतली. वरच्या आळीचे आले. आप्पा दर वेळी वाकत होते आणि दर वेळी चार बोटं मावत होती. दादा हौद्यावर उभा राहून हसत होता, "आप्पा, आज तुमचा हात लई उदार झालाय!" खरं तर गाडी उदार झाली होती. दोन-दोन पाटे वाढवल्यावर ती बसणार कशी? आप्पांची बोटं जुन्या पाट्यांना विचारत होती आणि उत्तर नवे पाटे देत होते. हे त्या सकाळी आम्हा तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. पाटे वाढवलेत हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. पहिल्या टप्प्याची खूण मी स्वतः केली होती.

निघताना तात्या केबिनजवळ आले. काचेखालचा पुठ्ठा त्यांनी बोटाने ओळ धरून वाचला.

"आगं, चौथं ऱ्हायलंय की ह्यातलं."

"ते नंतर, तात्या."

"बिरेक हाय म्हणं त्ये."

"नवेच आहेत. जास्तीचे नंतर लावायचेत."

"बरं," तात्या म्हणाले. "तुमी शिकल्याली माणसं." आणि ते मागे जाऊन पोत्यांवर चढून बसले. आपला माल मार्केटात कसा उतरतो ते आयुष्यात एकदा त्यांना बघायचं होतं.

पहिली तीन वळणं ठीक गेली. चौथ्यापाशी मला करपट वास आला. दादाला मी सांगितलं, तर तो म्हणाला, "टेन्शन नको घेऊ, ब्रेक तापतात उताराला." पण त्याचा पाय मला दिसत होता. आधी तो पेडल दाबत होता, मग पेडलवर उभा राहिल्यासारखा रेटत होता. पाचव्या वळणाआधी त्याने खालचा गिअर टाकायचा प्रयत्न केला आणि गिअर खरखरून परत आला. आप्पांनी एक हात माझ्या छातीवर आडवा धरला.

उजवीकडे दरी होती. दादाने गाडी डावीकडे डोंगराच्या अंगाला घातली. लोखंडी गार्डने दगड आधी घेतले, म्हणून आम्ही तिघं केबिनमध्ये जागच्या जागी राहिलो. मागे मात्र दोर तुटले. पोती पुढे आली, मग बाजूला गेली, आणि तात्या त्यांच्याबरोबर गेले.

ते जिवंत होते. मांडीचं हाड मोडलं होतं. पाय भलत्याच दिशेला वळलेला आणि त्या पायाकडे न बघता तात्या म्हणत होते, "घेवडा गोळा करा रं, पायात येतोय."

आप्पा उठून चालत गेले आणि वाटेवर पडलेली पोती मोजायला लागले. मग हौद्यात राहिलेली मोजली. मी त्यांना पोती मोजताना पहिल्यांदा पाहिलं. मोजून झाल्यावर ते तिथेच दगडावर बसले. "येवढी?" ते म्हणाले. "येवढी म्या चढू दिली?" मग आपला उजवा हात पुढे धरून त्याच्याकडे पाहत राहिले.

वर माणूस पाठवला. तासाभरात गावातून डोली आली. बांबू तोच होता की दुसरा, मला माहीत नाही. घोंगडीत तात्यांना घातलं. पुढच्या खांद्याला आप्पा गेले, कुणाचं न ऐकता. ज्या वाटेवरची डोली कायमची बंद करायला आम्ही तीन रविवार राबलो, त्या वाटेवरून आमच्यामुळे आमचेच तात्या डोलीतून खाली गेले. मी मागून चालले होते, हातात तो पुठ्ठा घेऊन. केबिनमधून तो मी का काढून घेतला ते सांगता येणार नाही. बहुतेक कुणी वाचू नये म्हणून.

ऑपरेशन तालुक्याला झालं. पुढच्या तपासण्यांसाठी तात्यांना आम्ही वसाहतीत आणलं आणि आमच्या खोलीत एकुलत्या एका खाटेवर त्यांनी दोन महिने काढले. त्या दोन महिन्यांत मी माझं सगळ्यात चांगलं पत्रक लिहिलं. अजून कच्चा खर्डा आहे माझ्याकडे. रस्त्याच्या अर्जांचा इतिहास, आत्याचा मृत्यू, डोलीची चार माणसं, आणि शेवटी तात्यांची मांडी. प्रत्येक शब्द खरा होता. रस्ता असता तर हे घडलं नसतं, हेही खरं होतं. मी ते तात्यांना वाचून दाखवलं. आई पोळ्या लाटायची थांबली. दादा दारात उभा राहिला.

वाचून झालं तेव्हा तात्यांनी डोळे पुसले. म्हणाले, "झ्याक लिवलंस. ऐकताना अंगावर काटा आला." आणि मग अगदी सहज, पाणी मागावं तसं विचारलं, "पर ह्यात तुजी यादी कुटं हाय?"

"कसली यादी?"

"ती लाल शाईची. चार कामाची."

दादा म्हणाला, "तात्या, ते आपलं घरातलं झालं. हे सरकारला आहे."

"आसंल. पर मी पडलो त्ये सरकारच्या रस्त्यावर आन् तुमच्या गाडीवरनं. दोन्हीवरनं. निम्मंच लिवलं तर वाचणारा म्हनंल, म्हातारा हवेतनं पडला."

कुणी हसलं नाही. त्यांनाही हसू नको होतं. आप्पा भिंतीला टेकून बसले होते, ते म्हणाले, "माझा हात बी लिव त्यात."

मी परत लिहिलं. दुसऱ्या पानावर यादी लिहिली, मिस्त्रीकाकांचं बोलणं लिहिलं, त्यावर मी मारलेलं टाळीचं वाक्य लिहिलं, आप्पांची चार बोटं लिहिली. वसाहतीतल्या ज्या कार्यकर्त्यांकडे आम्ही नेहमी पत्रकं छापायला द्यायचो, त्यांच्याकडे मी ते घेऊन गेले. भला माणूस. पाण्याच्या मोर्चात पहिली लाठी त्यांनी खाल्ली होती. त्यांनी पूर्ण वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "ताई, पहिलं पान छापतो. दुसरं नाही. आपली चूक आपणच छापली तर समोरचा तेवढीच वाचून दाखवेल."

ते बरोबर बोलत होते. समोरच्याने तसंच केलं असतं. तरीही मी दोन्ही पानं परत घेतली. एकच पान द्यायला मन तयार होईना. ते पत्रक कधीच छापलं गेलं नाही, आणि रस्ताही अजून झालेला नाही. यातल्या कुठल्या गोष्टीमुळे कुठली अडली, हे मी रात्रंदिवस डोक्यात घोळवते. एक पान छापलं असतं तर निदान खडी तरी पडली असती का?

गाडी दुरुस्तीला पावण्यालाच नेली. मिस्त्रीकाका "सांगितलं होतं" असं म्हणाले नाहीत. त्यांनी विचारलं, "म्हाताऱ्याचा पाय कसा हाय?" आणि मग सगळ्यात आधी चाकं उतरवली. ब्रेकला दोन रविवार गेले, ठरले होते तेवढेच. गाव वाट बघत थांबलं, तेवढंच.

गाडी आता हंगामात दर आठवड्याला जाते. तात्या काठी घेऊन चालतात, आणि ती उतरंड अजूनही गाडीत न बसता पायी उतरतात. हौद्याच्या फाळक्यावर आतून आप्पांनी पांढऱ्या रंगाने पोत्यांचा आकडा लिहून घेतला आहे. मिस्त्रीकाकांशी बोलून ठरवलेला. त्याच्यावर एक पोतं चढत नाही, शेजारचं असो की आपलं.

पण मार्केटात गोष्ट संपलेली नाही. आमची गाडी पाहून आणखी चारजणांनी पाटे वाढवून घेतले. कुणी भोरच्या डोंगरात जातो, कुणी जव्हारकडे. भरणीला गाडी लागली की हमाल अजून आप्पांना हाक मारतात, "मुकादम, हात घाला!" आप्पा आधी खाली वाकून पाटे मोजतात. वाढवलेले असले की हात पाठीमागे बांधून घेतात. "माझी बोटं हितं चालायची न्हाईत. वजनकाट्यावर जा." काही जातात. काही त्यांना म्हातारा बिथरलाय म्हणतात आणि दुसऱ्या टोळीच्या मुकादमाला बोलावतात. तो वाकतो, चार बोटं घालतो आणि म्हणतो, "हाय जागा."

म्हणून त्या पत्रकातलं सगळं, दोन्ही पानांवरचं, मी इथे सांगितलं आहे. तुमच्या ओळखीत कुणी अवघड वाटेसाठी गाडी उंच करून घेत असेल, पाटे वाढवत असेल, मोठे टायर घालत असेल, तर त्याच्याकडे कामांची यादी असणारच. या रविवारच्या आत ती मागून घ्या. ब्रेक कितव्या ओळीत आहे ते बघा. पहिल्या ओळीत नसेल तर त्याच्यासमोर ती ओळ खोडा, आपल्या हाताने सगळ्यात वर लिहा, आणि तिच्यापुढे खूण झाल्याशिवाय त्या गाडीवर एकही पोतं चढू देऊ नका.